पाहणी-सहल (परदेशातील घरखरेदी)

समुद्रकाठच्या एखाद्या देखण्या गावात घर घेऊ पाहणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला मालमत्ता-व्यावसायिकाने सोबत नेऊन, किंवा त्याच्या वतीने स्वतः तिथे जाऊन, घरे पाहण्याची पद्धत. आपल्याकडच्या ‘साइट व्हिजिट’चीच ही थोरली बहीण. फरक एवढाच, की इथे गिऱ्हाईक एका देशातले, घर दुसऱ्या देशातले आणि मधला माणूस नेमका कोणाचा, हे पुष्कळदा गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. या प्रथेचे सगळे गुणदोष सर्वांत ठळकपणे दिसले ते स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, म्हणजे आलिकांतेजवळच्या कोस्टा ब्लांकावर आणि मालागाकडच्या कोस्टा देल सोलवर.

हा किनारा मुळात कोळ्यांचा आणि मिठागरांचा. बेनिडॉर्म हे मासेमारीचे गाव. तिथल्या नगरपालिकेने १९५६ मध्ये नगररचनेचा सर्वंकष आराखडा केला आणि पुढे वाळूलगत उंच इमारतींची रांग उभी राहिली. १९५९ च्या आर्थिक सुधारणांनंतर विदेशी पर्यटकांना दारे उघडली गेली. तोरेव्येखा हे मिठाचे गाव तर स्पेनमध्ये घरोघरी पोचले ते दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजूषेमुळे. तीत बक्षीस म्हणून तिथला फ्लॅट मिळत असे. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला, नव्वदच्या दशकात स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या, आणि इंग्लंडातल्या निवृत्त जोडप्याला शनिवार-रविवारात घर पाहून येणे परवडू लागले. पाहणी-सहलीचा धंदा उभा राहिला तो या तिकिटाच्या जोरावर.

१९९७ ते २००७ या तेजीच्या काळात सहलीचा साचा ठरून गेला होता. विमान, हॉटेल, जेवण नाममात्र पैशांत. घर घेतले तर तेही परत. विमानतळावर गाडी हजर. मग तीन-चार दिवस एकच माणूस सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या वाइनपर्यंत सोबत. त्याचे काम घरे दाखवणे हे होतेच, पण गिऱ्हाइकाला दुसऱ्या एजंटाच्या दुकानासमोर रेंगाळू न देणे हेही होते. दाखवण्याचा क्रमही ठरलेला असे. आधी दोन-तीन अंधारी, महाग किंवा महामार्गालगतची घरे, आणि उन्हं कलताना, समुद्र सोनेरी दिसतो त्या वेळी, जे विकायचे ते घर. वकीलही या माणसाच्याच ओळखीचा. शेवटच्या संध्याकाळी विसाराची रक्कम कार्डावरून भरून घेतली जाई. फुकट वाटणाऱ्या या सहलीचा खर्च अर्थातच घराच्या किमतीत मुरलेला असे. नव्या बांधकामावरची दलाली तेव्हा दोन आकडी टक्क्यांपर्यंत जात होती आणि ती बिल्डर देत असे. सहलीचे तिकीट ज्याने काढले, माणूस त्याचाच, हे या व्यवसायातले साधे सूत्र गिऱ्हाइकांना बऱ्याच उशिरा कळले.

घर डोळ्यांना दिसते. त्याचा कायदा दिसत नाही. आल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे एका वृद्ध इंग्रज जोडप्याचे घर ९ जानेवारी २००८ रोजी सरकारी यंत्रणेने पाडले. बांधकामाला नगरपालिकेचा परवाना होता, पण प्रादेशिक शासनाने तो जमिनीच्या वर्गवारीवरून आव्हानित करून रद्द करवला होता. जोडपे त्याच आवारात उरलेल्या गॅरेजमध्ये राहू लागले. आलिकांते ज्यात येते त्या वालेन्सिया प्रदेशात दुखणे वेगळे होते. १९९४ च्या नगररचना कायद्याखाली विकासकाला इतरांच्या जमिनी योजनेत ओढता येत आणि मूळ मालकाला वर रस्ते-गटारांचा खर्च द्यावा लागे. परदेशी घरमालकांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की युरोपीय संसदेने मार्च २००९ मध्ये त्यावर टीकेचा अहवाल मंजूर केला. पाण्याच्या अगदी काठावरच्या घरांना १९८८ चा किनारा कायदा लागू होतो. भरतीरेषेजवळचा पट्टा सार्वजनिक, त्याच्या जमिनीकडच्या बाजूला साधारण १०० मीटर (जुन्या शहरी भागात २० मीटर) बांधकामावर निर्बंध. सीआरझेड, म्हणजे आपल्याकडचे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल.

२००८ च्या मंदीत अर्धवट सांगाडे उभे राहिले आणि आगाऊ भरलेले पैसे बुडाल्यात जमा झाले. इथे एक जुना कायदा कामी आला. १९६८ च्या ५७ क्रमांकाच्या कायद्यानुसार बांधकामाआधी घेतलेल्या रकमेला बँकेची किंवा विम्याची हमी हवी होती. ती नसतानाही बँकांनी पैसे स्वीकारले असतील तर त्या जबाबदार आहेत, असा निकाल स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला, आणि कैक खरेदीदारांना रकमा परत मिळाल्या. सहलीत सोबत असलेल्या माणसाने या हमीपत्राचा उल्लेखही केलेला नसे.

या अनुभवातून व्यावसायिकांची दुसरी जात पुढे आली. गिऱ्हाइकाकडूनच फी घेऊन त्याच्यासाठी घर शोधणारा सल्लागार. तो एकटाच गावी जातो, म्हणून सहल उलटी होते. प्रवास व्यावसायिकाचा, गिऱ्हाईक लंडन किंवा ऑस्लोमध्ये. चांगला सल्लागार एकच घर निदान दोनदा पाहतो. एकदा दुपारी, एकदा रात्री अकराला, कारण खालचा बार ऑगस्टमध्ये किती वाजेपर्यंत चालतो हे दुपारी कळत नाही. तो खिडक्यांची गुंडाळी झडप खाली ओढून पाहतो, नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते मोजतो, पलंगामागच्या भिंतीला हात लावतो. उन्हाळ्यासाठी बांधलेली ही घरे जानेवारीत दमट आणि गारठलेली असतात, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या गच्चीवर हिवाळाभर ऊन येत नाही. मोबाइलवर काढलेल्या त्याच्या चित्रफिती माहितीपत्रकाइतक्या सुंदर नसतात. तेच त्यांचे मोल.

त्याचे खरे काम मात्र कागदांवर असते. मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा ‘नोता सिंप्ले’ हा उतारा ऑनलाइन साधारण दहा युरोंत मिळतो आणि मालक कोण, बोजा किती हे सांगतो. तरण तलाव किंवा वाढीव खोली उताऱ्यावर आहे का, राहण्याचा परवाना आहे का, हे तो ताडून पाहतो. परदेशी खरेदीदाराला ‘एनआयई’ हा ओळख क्रमांक लागतो. विसाराचा करार ‘आरास’ नावाने होतो, रक्कम सहसा दहा टक्के. ‘आरास’च्या नेहमीच्या प्रकारात खरेदीदार फिरला तर ती जाते, विकणारा फिरला तर दुप्पट द्यावी लागते. मग नोटरीसमोर खरेदीखत. गिऱ्हाईक येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्रावर. कर आणि खर्च धरून किमतीवर साधारण दहा ते पंधरा टक्के चढतात, आणि ज्याने हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही त्याच्याशी पुढे बोलू नये.

एजंट कोणी व्हावे याला मात्र स्पेनमध्ये देशव्यापी चाळणी नाही. पूर्वीची मक्तेदारी २००० मध्ये मोडली. नंतर कॅटालोनिया, वालेन्सिया अशा काही प्रदेशांनी नोंदणी सक्तीची केली. ब्रेक्झिटनंतर इंग्रजांना व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि पाच लाख युरोंच्या घरावर मिळणारा गुंतवणूकदार व्हिसाही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. तरी ओघ आटलेला नाही. आलिकांते प्रांतात अलीकडे दहांपैकी चारांहून अधिक घरे परदेशी नागरिक घेतात, आणि स्थानिक तरुणांना भाड्याचे घर मिळेना म्हणून किनाऱ्यावर मोर्चेही निघतात.

भारतातून याचा संबंध दोन्ही दिशांनी येतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात घरही बसते. दुबईचे विक्रेते म्हणूनच मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत प्रदर्शने भरवतात. उलट दिशेने, न्यू जर्सीचा मराठी माणूस अलिबाग, दापोली किंवा गोव्यात घर शोधतो. अनिवासी भारतीयाला घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट घेता येतो, शेतजमीन घेता येत नाही. आणि ‘पुढे एनए होईल’ असे सांगून आमराई दाखवणारे एजंट कोकणात कमी नाहीत. महाराष्ट्रात एजंटाला महारेराची नोंदणी आणि प्रमाणपत्र परीक्षा आता बंधनकारक आहे. गोव्यात आणखी एक गाठ आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते. त्यामुळे पोर्चवर बसून कोकम पाजणाऱ्या घरमालकाची सही मिळाली तरी व्यवहार होत नाही. मस्कतला गेलेल्या त्याच्या बायकोचीही लागते.