‘फोकस गेलाय’ म्हणून कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी

आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: बाहेर उन्हात फोटो झकास येतात, पण घरात, मंगल कार्यालयात, शाळेच्या गॅदरिंगला काढले की धूसर, लेन्स गेली असणार, फोकस सेट करून द्या. कॅमेरा तपासला की फोकस बहुतेक वेळा बिनचूक निघतो. उन्हात नीट फोटो देणारी लेन्स कार्यालयात शिरल्यावर बिघडत नाही. तिथे कमी पडतो तो शटर स्पीड, म्हणजे उजेड आत घेणारा पडदा (शटर) उघडून मिटण्याचा वेग. पण हे सांगेपर्यंत कॅमेरा आमच्या रांगेत अडकलेला असतो आणि तुमचं कार्य उरकलेलं असतं.

म्हणून आधी घरीच फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, कडा दुहेरी दिसत असतील, तर हात हललाय. मागचं तोरण स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसट, तर माणूस हललाय. चेहरा मऊ पण मागच्या पडद्यावरची फुलं टोकदार, तर फोकस चुकीच्या जागी बसलाय. सगळ्या फोटोवर दुधाळ थर आणि दिव्यांभोवती वलयं असतील, तर काचेवर बोटांचे ठसे आहेत किंवा आत बुरशी धरली आहे.

पहिल्या दोन प्रकारांत आमच्याकडे यायची गरज नाही. फोटो पाहताना कॅननवर ‘इन्फो’चं बटण, निकॉनवर वरचा बाण दाबा; त्या फोटोचा शटर स्पीड दिसेल. 1/15, 1/20, 1/30 सेकंद असा आकडा असला, तर निदान झालं.

असं का होतं? सोबत आलेली 18-55 किट लेन्स 55 वर झूम केली की जास्तीत जास्त 5.6 पर्यंतच उघडते (हा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा; तो जितका लहान, तितकं भोक मोठं). ट्यूबलाइटच्या उजेडात ते पुरत नाही, म्हणून फ्लॅश बंद असताना कॅमेरा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलतो, नाहीतर समोरचा.

हाताची थरथर टाळायची तर फोकल लेंथची (लेन्सवरच्या झूमच्या आकड्याची) साधारण दीडपट हा हिशोब धरा: 55 ला किमान 1/80. माणसांसाठी वेगळा हिशोब. स्थिर बसलेल्यांना 1/125, चालणाऱ्यांना किंवा अक्षता टाकणाऱ्या हातांना 1/250, लेझीम आणि पळणाऱ्या पोरांना 1/500. ‘लेन्सवर व्हीआर लिहिलंय, मग फोटो हलतो कसा?’ हेही नेहमी विचारलं जातं. व्हीआर किंवा आयएस फक्त तुमचा हात सावरतो, नवरदेवाची मान नाही.

डायल कॅननवर ‘टीव्ही’ला (Tv), निकॉनवर ‘एस’ला (S) लावा, म्हणजे शटर स्पीड तुम्ही ठरवाल. शटर स्पीड 1/125 ठेवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोवर, वरची मर्यादा 6400. बस्स. ‘आयएसओ 100च ठेवायचा’ हा सल्ला ऊन किंवा ट्रायपॉड असेल तेव्हाचा आहे. आयएसओ वाढला की फोटोत दिसणाऱ्या दाण्यांना उगाच घाबरू नका. 3200 चे दाणे 4×6 च्या प्रिंटमध्ये शोधावे लागतात, हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने धड सुधारत नाही. एक अपवाद: स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. तसं दिसलं तर 1/100 वर या.

एवढं करूनही कॅननवर अॅपर्चरचा आकडा लुकलुकला किंवा निकॉनवर ‘लो’ आलं, तर उजेडच अपुरा आहे. झूम मागे 18 वर आणा आणि चार पावलं पुढे जा. तिथे लेन्स 3.5 पर्यंत उघडते, म्हणजे अडीचपट उजेड. गॅदरिंगला दहाव्या रांगेतून फ्लॅश मारू नका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तीन-चार मीटरपर्यंतच पोचतो. उजळतात ती पुढच्यांची डोकी.

घरातले कार्यक्रम नेहमी टिपत असाल, तर दुरुस्तीचे पैसे वाचवून 50 एमएम 1.8 लेन्स घ्या. ती 5.6 च्या तुलनेत नऊ-दहा पट उजेड आत घेते. आमच्याकडे नवी आणि तपासलेली जुनी, दोन्ही मिळतात. आपली बॉडी आणून लावून बघा. निकॉनच्या डी3500, डी5600 अशा बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी स्वस्त ‘डी’ लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही, ‘जी’च घ्या. हे न विचारता ऑनलाइन मागवलेल्या लेन्स आमच्याकडे परतीच्या चौकशीला येतात.

तरी शंका उरली, तर दिवसा खिडकीजवळच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, व्हीआर बंद, लेन्सवरची कळ ‘एएफ’वर, म्हणजे ऑटोफोकसवर (ती चुकून ‘एमएफ’वर, म्हणजे हाताने फोकस करायच्या जागी सरकणं हाही आमच्याकडचा नेहमीचा ‘बिघाड’), मधला फोकस पॉइंट, दोन सेकंदांचा टायमर. अक्षरं स्वच्छ आली तर कॅमेरा ठणठणीत आहे. फोटो स्वच्छ पण व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतं? शेजारचं छोटं चाक फिरवा, ते तुमच्या चष्म्याच्या नंबरासाठी असतं.

ट्रायपॉडवरही अक्षरं धूसर आली, फोकस करताना लेन्स घरघरली, कॅमेरा पडला असेल किंवा काचेत जाळी दिसली, तर मात्र लगेच आणा. बुरशी थांबत नाही. जास्त दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कपाटात कोंडू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरतं.

बिघाड निघाला नाही तरी तपासणीचे 250 रुपये घेतो, यावर काहीजण नाराज होतात. बिघाड नाही हे ठरवायलाही तितकाच वेळ जातो. दुरुस्ती किंवा लेन्स घेतलीत तर ही रक्कम बिलातून वजा होते.

येताना बॉडी, लेन्स, चार्ज केलेली बॅटरी आणि बिघडलेले फोटो मूळ मेमरी कार्डातच आणा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोत शटर स्पीडची नोंद उरत नाही, मग आम्हालाही अंदाजच करावा लागतो.