डोमेन बुक करण्याआधी ट्रेडमार्क बघा : सर्च, अर्ज आणि कागदपत्रं

डोमेन मिळालं म्हणजे नाव आपलं झालं असं बरेच जण धरून चालतात, आणि घोळ तिथेच होतो. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारा, एवढंच बघतो की ते स्पेलिंग कुणी घेतलंय का, ते कुणाचा ट्रेडमार्क आहे का हे तो तपासत नाही, ती जबाबदारी तुमची. नुसतं एखादं अक्षर वाढवूनही भागत नाही. सिफी (sify) ही इंटरनेट कंपनी आणि सिफीनेट (siffynet) यांच्या केसमध्ये, जिथे दुसऱ्या नावात एक 'एफ' जादा लावला होता, सुप्रीम कोर्टाने 2004 सालीच सांगितलंय की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं.

म्हणून आधी सर्च. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, तिथे वर्डमार्कसोबत (शब्दाच्या स्पेलिंगवरून) फोनेटिक सर्चही (उच्चारावरून) करायचाच, कारण मराठी नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिता येतं पण कानाला एकच लागतं. क्लास, म्हणजे माल किंवा सेवेच्या गटाचा नंबर, नीट टाका. समजा घरचे मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायची आहेत, तर मसाला क्लास 30 मध्ये येतो, लोणचं 29 मध्ये, आणि दुसऱ्यांचा मालही विकणारं ऑनलाइन दुकान असेल तर 35 पण बघा. लोक फक्त 30 बघतात आणि लोणच्यात अडकतात! शिवाय रजिस्टर न केलेलं पण आधीपासून वापरातलं नाव असेल तरी तो माणूस कोर्टात जाऊ शकतो, त्यामुळे गूगल आणि इन्स्टावरही शोधा.

नाव मोकळं दिसलं की डोमेन आणि अर्ज शक्यतो एकाच दिवशी उरका. अर्ज कुणीही करू शकतं, एकटा माणूस, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट, धंदा अजून सुरू नसला तरी चालतं. फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरायला डिजिटल सिग्नेचर लागते. फी प्रत्येक क्लासला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम सर्टिफिकेट जोडा. ओळख आणि पत्त्याचा पुरावा, लोगो असेल तर त्याची इमेज, एजंटमार्फत भरत असाल तर त्याचं अधिकारपत्र. नाव आधीपासून वापरताय तर वापराचं अ‍ॅफिडेव्हिट आणि जुनी बिलं लागतात, म्हणून पहिलं बिल कधीच फेकू नका.

पुढे रजिस्ट्रीकडून हरकतीचा रिपोर्ट आला तर 30 दिवसांत उत्तर द्यायचं, रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर इतरांना विरोधासाठी 4 महिने असतात. मिळालं की अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं, मग रिन्यू.

आणि डोमेन घेऊन बसलाय आणि नोटीस आली तर 'एवढे लाख द्या, सोडतो' असं चुकूनही लिहू नका. डोमेनचे वाद सोडवायला डॉट इनसाठी निक्सीची (डॉट इन सांभाळणारी संस्था) आयएनडीआरपी ही पद्धत आहे, डॉट कॉमसाठी यूडीआरपी, दोन्हीकडे असा मेल बदहेतूचा पुरावा म्हणून वापरला जातो आणि डोमेन हातचं जाऊ शकतं. आधी वकिलाला दाखवा, मगच उत्तर द्या.