मुलाम्याखालची चांदी

इंग्लंडमध्ये १८१२ च्या सुमारास पॉल स्टॉर या नामवंत कारागिराने ‘वॉरिक कलशा’च्या चांदीच्या प्रतिकृती घडवल्या आणि त्यांवर सोन्याचा मुलामा चढवला. मूळ कलश संगमरवरी, रोमन काळातला; टिव्होली येथे सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात तुकड्यांच्या रूपात सापडलेला. पिळदार द्राक्षवेलींच्या मुठी, मद्यदेव बॅकसच्या परिवारातले दाढीवाले मुखवटे, सगळे चांदीत उतरले. एवढा थाट कशासाठी, तर मेजवानीत मद्य गार ठेवायला!

सोने मिरवायचे म्हणून चढवत, हे खरेच. पण त्यामागे रसायनशास्त्रही आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. सोन्याला या वायूंचे काही वाटत नाही. चांदीच्या मीठदाणीला आतून मुलामा देत तोही याचसाठी, कारण ओलसर मीठ चांदी खाते.

जुनी पद्धत पाऱ्याची. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा मऊ पारदमेल करायचा, तो स्वच्छ केलेल्या चांदीवर फासायचा आणि भांडे तापवायचे. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो, सोने मागे राहते. चांदी वितळायला ९६२ अंश लागतात, त्यामुळे घडण शाबूत राहते. सोने आणि चांदी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. या उष्णतेत सीमेवरचे अणू इकडून तिकडे शिरतात आणि मुलामा नुसता वर बसत नाही, आत रुजतो. किंमत मोजायचा तो कारागीर. श्वासावाटे गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात शोषली जाते. हातांना कंप सुटणे हे त्याचे ठरलेले लक्षण.

भट्टीतून निघालेला मुलामा मंद, पिवळट दिसतो. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने तो घासतात. पण सगळीकडे नाही! मुखवट्याचा गाल चकचकीत करायचा, मागची जमीन तशीच मंद ठेवायची. एकाच सोन्याच्या या दोन छटांनी नक्षीचा उठाव दुप्पट खोल भासतो. नक्षीकामातला हा भाग मला चांदी ठोकून नक्षी उठवण्यापेक्षाही हुशारीचा वाटतो.

सोने लागते तरी किती? ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतक्या जाडीचा थर २,००० चौरस सेंटिमीटरवर द्यायचा तर १ घन सेंटिमीटर, म्हणजे १९.३ ग्रॅम पुरते. इतका पातळ थर पॉलिशच्या घासण्याने झिजणारच, आणि तोही उंचवट्यांवर आधी. जुन्या कलशावर मुखवट्याच्या नाकाचा शेंडा आणि द्राक्षांचे फुगीर मणी पांढरे पडलेले दिसतात, पानांच्या खाचांत मात्र सोने भरघोस असते.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलत भावांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यात पारा लागत नाही. सोने सायनाइडच्या द्रावणातून भांड्यावर बसते. आता हातातला कलश कोणत्या पद्धतीचा? डोळ्यांनी सांगणे अवघड. क्ष-किरणांचा झोत टाकला की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक किरण परत फेकते. भट्टीतून उडून न गेलेला थोडा पारा मुलाम्यात अडकलेला असतो, आणि तो या तपासणीत सापडतो. नवा मुलामा ही जुनी खूण झाकून टाकेल, म्हणूनच जुन्या कलशावर नव्याने मुलामा चढवायला जाणकार सहसा तयार होत नाहीत.