आवाज कसा तुटतो, ते आधी ऐका

व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचा सामना रंगात आलेला असतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंदांच्या आसपास, चित्र कुठेही अडखळत नाही, आणि नेमका एका साथीदाराचा आवाज येईनासा होतो. मग ठरलेले उपाय सुरू होतात. राउटर बंद करून चालू करा, गेम काढून पुन्हा टाका, जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. यातला पहिला कधीमधी लागू पडतो, दुसरा क्वचित, आणि तिसरा जवळजवळ कधीच नाही.

गेम आणि आवाज एकाच वायफायवरून बाहेर पडतात, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आवाजाचा सर्व्हर बहुतेकदा वेगळा असतो, त्याचा पत्ता आणि पोर्टही वेगळे. अनेक गेम आवाजासाठी व्हिवॉक्ससारखी तयार सेवा वापरतात, तर अनेक खेळाडू गेममधला आवाज बंद ठेवून डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपवर बोलतात. म्हणून गेमचे पिंग चांगले आहे यावरून आवाजाच्या वाटेबद्दल फारसे काही कळत नाही. त्या वाटेची खबर तुटलेला आवाजच देतो. तो कसा तुटतो हे नीट ऐकले, तर बिघाड माइकमध्ये, फोनमध्ये, वायफायमध्ये की राउटरच्या पलीकडे, हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

त्यासाठी आवाज जातो कसा ते पाहू. माइकमधून येणाऱ्या लहरींची साधारणपणे सेकंदाला ४८,००० मापे घेतली जातात. त्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे एका तुकड्यात ९६० मापे. हा तुकडा ओपस नावाच्या कोडेकने, म्हणजे आवाज आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीने, आवळला जातो. २०१२ मध्ये इंटरनेट मानक झालेला हा कोडेक आज गेमच्या आवाजासाठी सर्रास वापरला जातो. सेकंदाला ३२ किलोबिटचा दर धरला, तर आवळलेला तुकडा जेमतेम ८० बाइटचा होतो. त्यावर पत्त्यांची वेष्टणे चढतात ती आणखी ४० बाइटची, आणि एक पॅकेट तयार होते. अशी ५० पॅकेट दर सेकंदाला निघतात. हिशोब केला तर सेकंदाला ४८ किलोबिट, आणि तासभर न थांबता बोललात तरी २२ एमबीच्या आत. पाच जणांच्या संघात बाकीचे चौघे एकदम ओरडले, तरी तुमच्याकडे येणारा आवाज २०० किलोबिटच्या आत राहतो. ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केल्याने आवाज सुधारत नाही, तो यामुळेच. आवाजाला रुंद रस्ता लागत नाही, वेळेवर पोहोचण्याची खात्री लागते.

ही पॅकेट यूडीपी पद्धतीने जातात. वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जात नाही, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. पुढची पॅकेट वाजून गेल्यावर उशिरा आलेले पॅकेट आणि हरवलेले पॅकेट, आवाजाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

रोबोटसारखा आवाज आणि धावणारा आवाज

एखादे पॅकेट आले नाही, तर ओपस तिथे शांतता ठेवत नाही. आधीच्या तुकड्यातला सूर थोडा ताणून तो खड्डा भरतो. शिवाय पुढच्या पॅकेटमध्ये आधीच्या तुकड्याची हलकी प्रत घालून पाठवण्याची सोयही त्यात आहे. म्हणून एखाददुसरे पॅकेट गेले तर कानाला पत्ताही लागत नाही. लागोपाठ तीन-चार गेली, म्हणजे ६० ते ८० मिलिसेकंदांचा आवाज गेला, की तोच सूर ताणत राहतो आणि माणूस धातूच्या नळीतून बोलल्यासारखा वाटतो. यालाच सगळे ‘रोबोट आवाज’ म्हणतात. त्याचा अर्थ एकच, पॅकेट सलग हरवताहेत.

दुसरी तऱ्हा याहून वेगळी आहे. आवाज एक-दोन सेकंद थांबतो आणि मग अडलेली वाक्ये भराभर येतात, पण आवाजाची पट्टी बदलत नाही. इथे पॅकेट हरवलेली नसतात, वाटेत रांगेत अडकलेली असतात. ऐकणाऱ्याकडे एक छोटा साठा असतो, त्याला जिटर बफर म्हणतात. कमी-जास्त वेळाने येणारी पॅकेट त्यात क्षणभर थांबवून सारख्या अंतराने सोडली जातात. रांग सुटून एकदम बरीच पॅकेट आली, की साठा उपसण्यासाठी बोलणे किंचित वेगाने वाजवले जाते.

ही रांग बहुतेकदा तुमच्याच घरात लागते, आणि तीही अपलोडच्या बाजूला. संध्याकाळी घरातला कुणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो. राउटर ती पॅकेट टाकून न देता साठवत जातो. समजा अपलोड ५ एमबीपीएस आहे आणि राउटरमध्ये २५६ किलोबाइटची रांग भरली आहे. ती रिकामी व्हायला सुमारे ०.४ सेकंद लागतो. तुमचे १२० बाइटचे आवाजाचे पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला उभे राहते. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, ती नेमकी यावर आहे. पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे ते पाहायचे, आणि तो वेळ वाढत चालला की काही पॅकेट मुद्दाम टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा आपोआप वेग कमी करतो.

तुमच्याकडे हेच होते का, ते पाच मिनिटांत कळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द, मग उणे चिन्हाला जोडून एन, मग १००, आणि शेवटी राउटरचा पत्ता द्या. तो बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो. दुसऱ्या खिडकीत हेच ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर चालवा. आता फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावा. राउटरचा आकडा १ ते ५ मिलिसेकंदांत आणि गूगलचा २० वरून ४०० वर गेला, तर रांग सापडली. बॅकअप रात्री उशिरा होईल असा लावणे हा फुकटचा उपाय. राउटरमध्ये रांग आटोक्यात ठेवणारी एसक्यूएम किंवा तत्सम सोय असेल, तर मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. १० एमबीपीएस मिळत असतील तर ८.५ ते ९. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग तुमच्या ताब्यात राहते.

याउलट राउटरचाच आकडा मध्येच ८०, १५० असा उसळत असेल किंवा उत्तरे गळत असतील, तर दोष वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे एकत्र नांदतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, पण मध्ये दोन भिंती असतील तर त्याचाही जोर ओसरतो. कॉम्प्युटरला साधी लॅन केबल लावणे हा या सगळ्यावरचा सर्वात खात्रीचा इलाज आहे. आणि राउटरपर्यंत सगळे ठीक, घरात कुणी अपलोडही करत नाही, तरी ८.८.८.८ कडची उत्तरे गळताहेत, तर इंटरनेट पुरवणाऱ्याला वेळ आणि आकडे लिहून तक्रार द्या. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा ‘रात्री ९ ते १० मध्ये १०० पैकी ७ उत्तरे आली नाहीत’ ही तक्रार टाळणे त्यांना अवघड जाते.

‘साठ’चे ‘आठ’ कुठे होतात

आवाज अखंड येतो, पण जुन्या लँडलाइनसारखा बसका. असे झाले की नेटवर्कला हात लावू नका. ब्लूटूथ हेडसेट तपासा. नेहमीचे ब्लूटूथ गाणी ऐकवताना एका पद्धतीने चालते आणि माइक सुरू होताच दुसऱ्या, ‘हँड्सफ्री’ पद्धतीवर जाते. त्यात आवाजाची सेकंदाला ८,००० किंवा १६,००० मापेच उरतात. ८,००० मापांत ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच मावत नाही, आणि ‘स’चा बहुतेक जोर त्याच्याही वर असतो. नकाशावरची दिशा सांगताना ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते, ते असे. गेमचा आवाजही त्याच क्षणी सपाट होतो, ही याची हमखास खूण. ऐकायला ब्लूटूथच ठेवा, पण गेमच्या किंवा डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा किंवा वायरचा माइक निवडा. दोन्ही बाजूंना एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत असलेली साधने या कोंडीतून सुटली आहेत.

शब्दाची सुरुवातच गायब होत असेल, ‘पायऱ्यांवर’चे ‘यऱ्यांवर’ होत असेल, तर वेगळे कारण. बोलणे सुरू झाले की नाही हे ओळखून माइक उघडणारी एक झडप असते. प, त, क यांसारखी व्यंजने इतकी हलकी असतात की झडप पुढच्या स्वरावर उघडते. डिस्कॉर्डमध्ये आपोआप संवेदनशीलता ठरवण्याचा पर्याय बंद करून पट्टी हाताने लावा. खोलीतला पंखा उणे ६० डेसिबलवर आणि तुमचे बोलणे उणे ३० वर दिसत असेल, तर उंबरठा उणे ५० च्या आसपास ठेवा. गोंगाट गाळणारी सोय एकाच ठिकाणी चालू असावी. हेडसेटचे सॉफ्टवेअर, डिस्कॉर्ड आणि गेम तिघेही गाळू लागले की बोलणेच गाळले जाते.

मुळीच ऐकू न येणे

आधी नेटवर्क बाजूला ठेवून माइक तपासा. डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये माइक टेस्ट आहे. त्यात स्वतःचा आवाज परत ऐकू आला, तर माइकपासून ॲपपर्यंत सगळे ठीक. नाही आला, तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे जा आणि डेस्कटॉप ॲपना माइक वापरू देणारा खालचा खटका पाहा. वरचा चालू आणि खालचा बंद, हे फार जणांचे होते. एकाच पिनचा, तीन काळ्या रिंगांचा हेडसेट डेस्कटॉपच्या हिरव्या भोकात घातला, तर ऐकू येते पण माइक चालत नाही. त्याला वाय आकाराचा स्प्लिटर हवा. पुश टू टॉकची, म्हणजे दाबून ठेवली तरच माइक उघडणारी, कळ फक्त गेम समोर असतानाच चालत नसेल, तर गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे आणि डिस्कॉर्ड साधेपणी, असे झालेले असते. विंडोज साध्या प्रोग्रामला वरच्या अधिकाराच्या प्रोग्राममधल्या कळा पाहू देत नाही.

अँड्रॉइड फोनवर बीजीएमआय खेळताना माइकचे चिन्ह पेटलेले, तरी कुणाला काही ऐकू जात नाही, असे अनेकदा दिसते. दोन साधी ॲप एकाच वेळी माइक मागू लागली, की अँड्रॉइड एकाला आवाज देते आणि दुसऱ्याला निव्वळ शांतता. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. मागे चालू राहिलेला व्हॉट्सॲप कॉल किंवा डिस्कॉर्ड चॅनल बंद करा. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या पडद्यावर संपूर्ण फोनचा माइक बंद करणारे बटणही आले आहे, तेही पाहा.

माइक ठीक, पण डिस्कॉर्ड ‘आरटीसी कनेक्टिंग’ किंवा ‘नो रूट’वर अडकून बसते. हॉस्टेल, कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कवर यूडीपी अडवलेले असते, तिथे हे घडते. काही व्हीपीएनही यूडीपी नेत नाहीत. फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहा. लगेच चालले, तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही शोधत बसायचे कारण नाही.

सर्वांत चक्रावणारा प्रकार म्हणजे मीराला राहुल ऐकू येतो, राहुलला सलमा, पण मीरा आणि सलमा एकमेकींना ऐकू येत नाहीत. हे आवाज सर्व्हरमार्गे न जाता खेळाडूंमध्ये थेट जात असेल तेव्हा होते. थेट जोडणीला दोघांच्या राउटरांनी बाहेरून आलेली पॅकेट आत घ्यावी लागतात, आणि एनएटीची (घरातली सगळी साधने एकाच बाहेरच्या पत्त्याआड ठेवण्याची) कडक पद्धत ती घेत नाही. एक्सबॉक्स याला ‘स्ट्रिक्ट’ म्हणतो, प्लेस्टेशन ‘टाइप ३’. एक कडक आणि एक मोकळा असेल तर जमते, दोन्ही कडक असतील तर नाही. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे गेमला लागणारी वाट आपोआप उघडणारी सोय, चालू करा. मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर घरात एकापुढे एक दोन राउटर आहेत. तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसते वायफाय देणारे यंत्र) म्हणून लावा, किंवा पुरवठादाराचे यंत्र ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता नुसते पुढे पाठवण्यावर, टाकून घ्या. पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुमच्यासह अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड आहेत. तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे राउटरमध्ये हाताने वाट उघडण्याचे, सगळे सल्ले वाया जातात. सार्वजनिक पत्ता मागणे किंवा सर्व्हरमार्गे चालणारे व्हॉइस ॲप घेणे, एवढेच उरते.

दुसरा साथीदार न्यू जर्सीत असेल, तर मुंबईहून तिथवर जाऊन यायलाच पॅकेटला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एका दिशेचे १०० आणि त्यात तुकडे पाडणे, जिटर बफर, वाजवणे यांचे आणखी ८०-१००. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेला १५० पर्यंत संभाषण सहज चालते. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, आणि त्यावर कुठलेही सेटिंग नाही.

राहिला प्रतिध्वनी. तुमचेच शब्द तुम्हाला परत ऐकू येतात, तेव्हा तुमचे साधन निर्दोष असते. कुणाच्या तरी स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो आहे. चॅनलमधल्या ज्या एकाला स्वतःचा प्रतिध्वनी येत नाही, तो बहुतेक तोच. एकेकाला आळीपाळीने म्यूट करा. ज्याला म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबेल, त्याला हेडफोन घालायला सांगा, आणि हेडफोन नसेल तर स्पीकर निम्म्यावर आणून पुश टू टॉक लावायला सांगा.