दाराचं हँडल बदलण्याआधी जुनं हातात घ्या

दुकानात येऊन ‘दाराचं एक हँडल द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो, जुनं आणलंय का? बहुतेक वेळा ते अजून दारालाच लटकत असतं, नाहीतर कचऱ्यात गेलेलं असतं. मग घरी फोन होतो, ‘साधारण एवढं असेल’ म्हणत बोटं ताणून दाखवली जातात, आणि अंदाजाने नेलेलं हँडल संध्याकाळी परत येतं, कारण भोकं जुळत नाहीत. ही खेप वाचावी, आणि गरज नसताना अख्खं कुलूप बदलण्याचा खर्चही वाचावा, म्हणून हे पत्रक काढलंय. रत्नागिरी आणि आसपासच्या घरांत आम्हाला जे बघायला मिळतं, त्यावरूनच ते लिहिलंय.

नेमकं काय बिघडलंय?

आजकालच्या बहुतेक दारांत मॉर्टिस लॉक असतं. म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवलेली कुलपाची डबी. दोन्ही बाजूंची हँडलं एका चौकोनी सळीने जोडलेली असतात आणि ती सळी या डबीतून आरपार जाते. हँडल दाबलं की सळी फिरते आणि कुलपाची तिरकी जीभ आत ओढली जाते. हात सोडला की स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर ढकलते.

यातलं काय बिघडलंय ते घरच्या घरी कळतं. दार उघडं ठेवून दोन्ही हँडलं काढा, नुसती सळी डबीत घाला आणि पकडीने फिरवून सोडा. जीभ आत जाऊन झटकन बाहेर आली तर कुलूप ठणठणीत आहे, दोष हँडलचा आहे. जीभ आतच राहिली किंवा आळसावल्यासारखी बाहेर आली, तर डबीतली स्प्रिंग गेली. मग नुसतं हँडल बदलून काही उपयोग नाही. आणि उघड्या दारात सगळं नीट चालतंय, पण दार लावलं की अडतंय, असं असेल तर हँडल आणि कुलूप दोन्ही निर्दोष आहेत. दार तरी फुगलंय, नाहीतर बिजागरीतून खाली बसलंय.

हँडल मान टाकून लोंबकळत असेल, तर बहुधा त्याच्याच मुळाशी असलेली छोटी स्प्रिंग थकलेली असते. नुसतं हलत असेल, तर मानेतला बारीक स्क्रू ढिला झालेला असतो. तो ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्लीने, घट्ट होतो. एवढ्यासाठी नवीन हँडल घेऊ नका, आम्हीही देणार नाही.

तो बारीक स्क्रू लहान वाटतो, पण त्याकडे दुर्लक्ष करू नका. आमच्याच घरी एका श्रावणात आजी न्हाणीघरात अडकली होती. आतल्या हँडलचा स्क्रू कितीतरी दिवस ढिला होता. आम्ही रोज बघत होतो आणि ‘उद्या घट्ट करू’ म्हणत होतो. त्या दिवशी तिने आतून ओढलं तसं हँडल तिच्या हातात आलं आणि बाहेरचं हँडल सळीसकट खाली पडलं. काकांनी त्या चौकोनी भोकात चपटा स्क्रू-ड्रायव्हर घातला, कोपऱ्यात अडकवून फिरवला आणि दार उघडलं. पाच मिनिटंच गेली असतील, पण आजी किती घाबरली होती ते आम्ही अजून विसरलेलो नाही. हा उपाय घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाथरूमच्या पुष्कळ हँडलांना बाहेरच्या बाजूने नाण्याने फिरवता येईल अशी खाच असते, तीही मुलांना दाखवून ठेवा. आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर बाथरूमचं हलणारं हँडल उद्यावर टाकू नका.

चार मापं

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे सळीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. सिलिंडरच्या (म्हणजे किल्ली जाते तो भाग सुटा काढता येतो अशा) नव्या कुलपांत ते बहुधा ८५ मिमी असतं. बेबी लॅच (लहान मॉर्टिस कुलूप) आणि लांब किल्लीच्या जुन्या लिव्हर कुलपांत ते वेगवेगळं निघतं. हे एक माप चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही हँडलची पट्टी, म्हणजे दारावर स्क्रूने बसते ती धातूची प्लेट, बसत नाही, कारण किल्लीचं भोक वर किंवा खाली सरकतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. म्हणून शिवणाची टेप वापरू नका, मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या.

दुसरं माप दाराच्या जाडीचं. खोल्यांची फ्लश डोअरं, म्हणजे सपाट प्लायची दारं, साधारण ३० ते ३५ मिमी जाडीची असतात, मुख्य दार त्याहून जाड, आणि जुन्या घरातलं फणसाचं किंवा सागाचं दार तर आणखी जाड. सळीची आणि आरपार जाणाऱ्या स्क्रूंची लांबी यावर ठरते. तिसरं सळीच्या जाडीचं. बहुतेक सळ्या ८ मिमीच्या असतात, पण जुन्या कुलपांत बारीक सळीही सापडते. चौथं पट्टीच्या लांबी-रुंदीचं. इथे एक सोय आहे: नवी पट्टी जुनीपेक्षा थोडी मोठी घेतली की जुन्या स्क्रूंची भोकं आणि पॉलिशवरचा डाग दोन्ही झाकले जातात. लहान पट्टी घेतलीत तर दार पुन्हा रंगवावं लागेल.

जुनं हँडल घेऊन आलात तर यातलं दाराच्या जाडीचं सोडून काहीच मोजावं लागत नाही. ते शक्य नसेल तर मोजायची पट्टी शेजारी धरून समोरून फोटो काढा, तिरका नको.

काढताना आणि बसवताना

दार उघडं ठेवा आणि खाली लाकडाचा तुकडा किंवा चप्पल अडकवा. हँडल काढल्यावर वाऱ्याने दार आपटून लागलं तर आत-बाहेर दोन्हीकडून उघडायला काही उरत नाही. आमच्याकडे खारा वारा दुपारी कसा सुटतो ते तुम्हाला माहीतच आहे.

एका बाजूचे स्क्रू काढताना दुसऱ्या बाजूचं हँडल कोणीतरी धरून ठेवावं. नवीन बसवताना सगळे स्क्रू आधी अर्धेच आवळा. मग हँडल दाबून बघा, किल्ली फिरवून बघा, सगळं सुरळीत असेल तर थोडे थोडे करत घट्ट करा. एकाच टोकाचा स्क्रू आधी पूर्ण पिळला तर पट्टी तिरकी बसते आणि हँडल घासायला लागतं. ड्रिल मशीनने पिळू नका. पितळी स्क्रू तर हातानेही जपून पिळावे लागतात, डोकं तुटून आत अडकलं की मोठा वैताग. जुने सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट करून घेतात, तो काढतात आणि मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण चोळून बसवतात. ही पद्धत आजही तितकीच चांगली आहे.

स्क्रू भोकात नुसताच गोल फिरत असेल, तर जाड स्क्रू मारून लाकूड फाडू नका. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं छाटा आणि दुसऱ्या दिवशी नवीन भोक पाडा. बाथरूमच्या पीव्हीसी दारात मात्र हे चालत नाही, तिथे लाकडाची पकडच नसते. त्यासाठी दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडणारे आरपार बोल्ट घ्या.

किल्लीचा सिलिंडरही बदलायचा असेल, तर दाराच्या कडेला, कुलपाच्या पट्टीवर, एक लांब स्क्रू दिसतो तो काढायचा. किल्ली घालून किंचित फिरवायची. आतला दात सिलिंडरच्या ओळीत आला की सिलिंडर अलगद बाहेर सरकतो. ठोकायचा नाही. नवा सिलिंडर घेताना तो पट्टीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येणार नाही असा घ्या. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून मोडता येतं, आणि चोरालाही ते ठाऊक असतं.

समुद्राजवळ कुठला धातू?

या विषयावर आम्ही थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या बाजूला घर असेल तर चकाकी बघून हँडल घेऊ नका. लोखंडावर किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेलं हँडल दुकानात स्टीलपेक्षा जास्त चमकतं. खाऱ्या हवेत त्या मुलाम्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात, ते हाताला कापतातही.

लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर बहुधा आत लोखंड आहे. पण चिकटला नाही म्हणजे माल चांगला असं नाही, कारण जस्त, ॲल्युमिनियम आणि हलक्या दर्जाचं २०२ नंबरचं स्टेनलेस स्टील यांनाही तो चिकटत नाही. किनाऱ्याजवळ आम्ही त्याहून चांगलं ३०४ नंबरचं स्टील किंवा भरीव पितळ सुचवतो. ३०४ वरही चहासारखे तपकिरी डाग पडतात. गोड्या पाण्याच्या फडक्याने अधूनमधून पुसलं की ते धरत नाहीत. पितळ काळवंडतं, पण गंजत नाही, आणि चिंचेने घासलं की पुन्हा उजळतं. मात्र लॅकर (पारदर्शक वार्निश) दिलेल्या पितळाला चिंच लावू नका. स्क्रू हँडलच्याच धातूचे घ्या. पितळी पट्टीला लोखंडी स्क्रू मारला की दमट हवेत आधी तो स्क्रूच खाल्ला जातो.

गणपतीच्या आधी बाथरूमच्या लाद्या ॲसिडने धुवायची पद्धत घरोघरी आहे. त्या वाफेने हँडलचा मुलामा आणि कुलपाची डबी दोन्ही खराब होतात. ॲसिड वापरलंच तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि नंतर हँडल साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. कुलपात खोबरेल तेल सोडू नका. ते धूळ धरतं आणि चिकट होऊन बसतं. किल्लीच्या भोकात ग्राफाइटची पूड घाला. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासून किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.

पावसाळ्यातलं दार

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो. एवढ्या ओलीत लाकूड फुगणारच. मग दार लागत नाही, आपण हँडल धरून हिसडा देतो आणि हँडल मोडतं. जीभ कुठे अडते ते बघायचं असेल तर तिच्या टोकाला खडू लावा आणि दार लावून उघडा. चौकटीवरच्या पट्टीला जिथे खडू लागेल, तिथे कानशीने एक-दीड मिलिमीटर घासलं की पुष्कळदा काम होतं. जुलैमध्ये दाराला रंधा मारून घेऊ नका. थंडीत लाकूड आटलं की तिथे फट राहते.

मुंबई-पुण्याहून फक्त शिमग्याला आणि गणपतीला घर उघडणाऱ्यांना विनंती आहे: निघताना किल्लीच्या भोकात ग्राफाइट घाला आणि हँडल कोरडं पुसून जा. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर त्यांना महिन्यातून एकदा कुलूप फिरवायला सांगा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुतार मिळणं फार कठीण असतं.

दोन खास गोष्टी

घरात कोणाची बोटं सांध्यांनी आखडली असतील, तर गोल मूठ काढून दांड्याचं हँडल बसवा. गोल मुठीला पंजाची पकड लागते, दांडा मात्र कोपरानेही दाबता येतो. गोल मुठीसाठी दारात मोठं भोक पाडलेलं असतं. ते साधारण ५४ मिमीचं असेल तर त्याच भोकात बसणारं दांड्याचं हँडल मिळतं, दार बदलावं लागत नाही.

जुन्या घराच्या पुढच्या दाराला पितळी कडी-कोयंडा असेल तर तो काढून मॉर्टिस लॉक बसवण्याआधी एकदा आमच्याशी बोला. फळ्या जोडून केलेल्या दारात खाच पाडली की सांधा कमकुवत होतो. बहुतेकदा कडीची खिळी नवीन केली की ती पुढे कित्येक वर्षं चालते, आणि हे काम आम्ही करून देतो.

दुकानात येताना

जुनं हँडल, सळी, एखादा जुना स्क्रू आणि दाराची जाडी एका कागदावर लिहून, एवढं पिशवीत टाकून आणा. माप जुळवून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. स्क्रू न मारलेलं हँडल पावतीसह आठ दिवसांत परत घेतो. बसवून पाहिलेलं, ओरखडे आलेलं परत घेता येत नाही, म्हणून स्क्रू पिळण्याआधी पट्टी दारावर नुसती धरून किल्ली घालून बघा.