खिशात १०८, पायॉनचं तिकीट १३५
काही जड कण खाली उतरताना पायॉन न टाकता फोटॉन (प्रकाशाचा कण) का टाकतात, परवा विरार फास्टमध्ये लटकत मित्राला हे समजावत होतो, तो म्हणाला लिहून काढ, म्हणून हे.

१९६४ला गेल-मान आणि झ्वाइगने क्वार्क मांडले (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते छोटे कण), आणि त्याच वर्षी या साध्या मॉडेलने प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या मॅग्नेटिक मोमेंटचं (कण किती चुंबक आहे त्याच्या मापाचं) गुणोत्तर उणे १.५ काढून दाखवलं, मोजलेलं आहे उणे १.४६! तेव्हापासून क्वार्क मॉडेलवाल्यांना फोटॉनचं वेड लागलं ते लागलंच. कारण फोटॉनला फक्त चार्ज आणि स्पिन (कणाची स्वतःची फिरकी) कळतो, बाकी भानगडीत तो पडत नाही.

चार्म नावाचा जड क्वार्क नोव्हेंबर १९७४ला जे-साय कणातून सापडला, आणि १९७५ला अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या बबल चेंबरमध्ये (कणाची वाट बुडबुड्यांनी दाखवणारी टाकी) चार्म बॅरिऑनचा, म्हणजे चार्म असलेल्या तीन क्वार्कच्या कणाचा, पहिला फोटो मिळाला, एकच इव्हेंट. पण बहुतेक उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जेचे, बॅरिऑन पायॉन (क्वार्क-अँटिक्वार्कच्या जोडीचा हलका कण) टाकून मोकळे होतात. सिग्मा-सी आणि लॅम्डा-सी या चार्म बॅरिऑनांच्या वस्तुमानात १६७ एमईव्हीचा (कणांच्या ऊर्जेचं एकक) फरक, पायॉन आरामात निघतो, फोटॉनला कोण विचारतं.

झाय-सी प्राइम या चार्म बॅरिऑनची मात्र पंचाईत आहे. खाली साध्या झाय-सीपर्यंत उतरायला फक्त १०८-११० एमईव्ही आणि सगळ्यात स्वस्त पायॉन १३५चा, मग फोटॉनशिवाय इलाज नाही. १९९९ला अमेरिकेतल्या क्लिओ प्रयोगाने हा कण त्या फोटॉनमधूनच पकडला, आणि ते सोपं नव्हतं, कारण डिटेक्टरमध्ये न्यूट्रल पायॉन फुटून निघालेल्या फोटॉनची नुसती दादर स्टेशनसारखी गर्दी असते. २००६ला बाबर या दुसऱ्या प्रयोगाने ओमेगा-सी या चार्म बॅरिऑनच्या थोरल्या, म्हणजे उत्तेजित, भावाचा फोटॉन पाहिला, तिथे तर फरक जेमतेम ७१.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. न्यूट्रल झाय-सी प्राइममध्ये चार्म, स्ट्रेंज आणि डाउन हे तीन क्वार्क. चार्म जड, त्यामुळे त्याचा मॅग्नेटिक मोमेंट किरकोळ, म्हणजे काम उरलेल्या दोघांचं. दोघांचाही चार्ज उणे १/३, आणि या बदलात त्यांचे हिस्से एकमेकांतून वजा होतात, हाती जवळपास शून्य. चार्ज्ड भावात डाउनच्या जागी अप, अधिक २/३, तिथे वजाबाकीत उणे-उणे अधिक होतं, आणि फोटॉन कितीतरी पट वेगाने सुटतो.

२०२०ला जपानच्या बेल प्रयोगाने (आपल्या कुलाब्याचं टीआयएफआरही त्यात आहे बरं का) झाय-सी २७९० आणि २८१५ (आकडे एमईव्हीतल्या वस्तुमानाचे) या आणखी जड भावांमध्ये बरोबर उलटं पाहिलं: न्यूट्रलचा फोटॉन दिसला, चार्ज्डचा ठोस दिसलाच नाही. या कणांच्या आतले क्वार्क एकमेकांभोवती एक युनिट जास्त फिरतात, म्हणून हिशोब मॅग्नेटिकचा नाही, इलेक्ट्रिकचा, आणि क्वार्क मॉडेलवाल्यांनी न्यूट्रलचा आकडा मोठा येणार हे आधीच सांगून ठेवलं होतं.