बेळगावचा अंध वाचक आणि १९५१ चा निर्णय : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरातले मूल दोन लिप्या बघत मोठे होते. बसच्या पाटीवर कन्नड, घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात देवनागरी. दिसत नसलेल्या मुलाला यातले किती मिळते, हे आज त्याच्या हातातला फोन कोणत्या आवाजात बोलतो यावर ठरते. तो आवाज मराठीला का अडखळतो, हे समजून घ्यायचे तर फोनच्या बरेच मागे, साऱ्या भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल स्वीकारले गेले त्या १९५१ पर्यंत जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. अमृतसरला १८८७ मध्ये, मुंबईला १९०० मध्ये आणि म्हैसूरला १९०१ मध्ये अंध मुलांच्या शाळा सुरू झाल्या. ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी, आले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे. पंजाबात एक पद्धत, गुजरातेत दुसरी, म्हैसूरला तिसरी. एका प्रांतात ब्रेल शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक परके वाटावे, अशी ही अवस्था होती.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या एका समितीने साऱ्या भारतीय भाषांसाठी मिळून एक संहिता बनवली, आणि तिथून वाद पेटला. एका पक्षाचे म्हणणे असे की आपली वर्णमाला मुळातच शास्त्रशुद्ध आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा तिचा क्रम आहे. ठिपके त्या क्रमाने बसवावेत, रोमन अक्षरांशी मेळ घालण्याचे कारण नाही. दुसरा पक्ष म्हणे, जगभर रुळलेल्या ठिपक्यांचे मूल्य मोडले तर आपल्या वाचकाला दोन वेगळी ब्रेल शिकावी लागतील. १९४९ मध्ये भारताने हा प्रश्न एका आंतरराष्ट्रीय संस्थेपुढे ठेवला. १९५० मध्ये पॅरिसला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरुतला बैठका झाल्या, आणि दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. भारती ब्रेल त्याच वर्षी स्वीकारले गेले.

या निर्णयावर अजूनही टीका होते आणि ती अगदीच निराधार नाही. क ला ‘के’चे ठिपके मिळाले, म ला ‘एम’चे, ल ला ‘एल’चे, पण ज्यांना रोमनमध्ये जोडीदार नाही त्या वर्णांना उरलेसुरले घ्यावे लागले. ण ला मिळालेली खूण आकड्याआधी लावायच्या खुणेसारखीच आहे. वर्णमालेचा सुंदर क्रम बोटांना जाणवतच नाही. एवढे मान्य करूनही मला तो निर्णय मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण सीमाभागातच सापडते.

भारती ब्रेलमध्ये उच्चार एक असेल तर ठिपके एक, मग भाषा कोणतीही असो. मराठीतला क आणि कन्नडमधला क बोटाखाली सारखाच लागतो. ळ हा या दोन्ही भाषांचा जिव्हाळ्याचा वर्ण. ब्रेलच्या एका घरात एक ते सहा क्रमांकांचे ठिपके असतात; ळ दोन्हीकडे चार, पाच, सहा या ठिपक्यांनीच लिहितात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लोंबतो, देवनागरीत पहिल्याचा दांडा जातो. ब्रेलमध्ये हा फरक मुळातच नाही. हलन्ताचा ठिपका आधी, वर्ण मागून. ऱ्हस्व वेलांटी देवनागरीत अक्षराच्या डावीकडे बसते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. म्हणजे मराठी ब्रेल येणाऱ्याला कन्नडचे ठिपके जवळजवळ फुकट मिळतात. भाषा शिकावी लागते, लिपी नाही. डोळस माणसाला हे भाग्य नाही.

‘जवळजवळ’ म्हटले, कारण कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत आणि त्या ऱ्हस्वांना स्वतंत्र खुणा आहेत. गावाच्या नावातच हे दिसते. मराठीत बेळगाव लिहिताना ब नंतर दीर्घ ए ची खूण येते, एक आणि पाच. ‘बेळगावि’ या कन्नड नावात तिथे ऱ्हस्व ए आहे, दोन आणि सहा. शेवटी त्यांच्याकडे एक इकार जास्त. मधले सगळे ठिपके सारखेच.

भारती ब्रेल ठरले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या निवेदनात, जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे म्हटले होते. मराठी परिपत्रकांची मागणी आजही त्याच निवेदनाच्या आधाराने केली जाते. परिपत्रक मराठीत निघावे ही मागणी रास्तच आहे; पण ते ब्रेलमध्ये किंवा ऐकता येईल अशा रूपात मिळावे, हे त्या वादात फारसे कुणी मांडत नाही.

संगणक आला तेव्हा सुरुवात आशादायक होती. संगणकात अक्षरांना क्रमांक देणारे १९९१ चे भारतीय प्रमाणक, इस्की, भारती ब्रेलच्याच धाटणीचे होते : क ला सर्व लिप्यांत एकच क्रमांक, लिपी कोणती ते वेगळ्या खुणेने सांगायचे. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणकाने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. मांडणी मात्र इस्कीवरून घेतली, त्यामुळे देवनागरी क आणि कन्नड क यांच्यात नेमके ८९६ क्रमांकांचे अंतर आहे. ळ चेही तेवढेच. आतून नाते टिकले आहे, वापरणाऱ्याला मात्र ते दिसत नाही.

मधली कितीतरी वर्षे कचेऱ्यांनी आणि छापखान्यांनी युनिकोड वापरलेच नाही. त्यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी किंवा कन्नड दिसे, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे स्क्रीन रीडरला, आतले तेवढेच कळते. त्यामुळे सातबाऱ्याची माहिती असो की शाळेची सूचना, कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे पडत. अशा जुन्या फायली अजूनही फिरत असतात.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट होता. महागडी परदेशी सॉफ्टवेअर परवडत नसलेल्यांना त्याने मोठा आधार दिला. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत. कोरडे, यंत्रासारखे, पण आहेत.

सीमाभागातली खरी अडचण त्यापुढे सुरू होते. पानावर भाषा नोंदवलेली नसेल तर सॉफ्टवेअरने लिपीवरून अंदाज करायचा. कन्नड लिपी दिसली की भाषा कन्नड, यात शंका राहत नाही. देवनागरी दिसली की मात्र हिंदी समजली जाण्याचा धोका असतो. मग ‘केलं’, ‘गेलं’ यांतला अनुस्वार नाकात जातो, ‘चाकू’तला च ‘चहा’तल्या च सारखा ऐकू येतो आणि ळ चा ल होतो. कन्नडला तिची लिपी सोडवते, मराठीला तीच अडकवते. एकाच व्हॉट्सअॅप गटात मराठी, कन्नड आणि हिंदी संदेश एकाखाली एक येत असतील, तर ऐकणाऱ्याला हातानेच आवाज बदलत बसावे लागते.

कायद्याची बाजू अलीकडची आहे. २०१२ मध्ये प्रताधिकार कायदा बदलला आणि अंधांसाठी पुस्तकांचे रूपांतर करणे सोपे झाले. अंधांना वाचता येतील अशी पुस्तके मिळावीत म्हणून झालेला २०१३ चा मराकेश करार मंजूर करणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि बहिरे-अंधत्वाचा त्यात उल्लेख आला.

हा शेवटचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी आवाज कितीही सुधारला तरी व्यर्थ. त्याला ब्रेल डिस्प्लेच हवा, ज्यावरच्या बारीक खुंट्या वर-खाली होऊन ओळ उमटते. यंत्रावर वाचताना १९५१ चा निर्णय पुरेपूर कामी येतो : कन्नड मजकूर असो की मराठी, बोटाखाली ओळखीचेच ठिपके येतात. लिहिताना मात्र उलटे होते. सहा कळांवर त्याने क दाबला, तर यंत्राला तो पडद्यावर कोणत्या तरी एका लिपीत दाखवावाच लागतो. त्यामुळे बेळगावातल्या अशा लेखकाला पहिले अक्षर उमटवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन मराठी किंवा कन्नड यांतली एक भाषा निवडावी लागते.